पिकअपची बॅटरी चार्ज होत नाही आणि घाटात टेंपरेचरचा काटा चढतो, तर आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची डिझेल पिकअप, सीझनला लांज्याहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या जातात. दीड वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या. डायनामो (अल्टरनेटर) एकदा पूर्ण खोलून कार्बन, कटआऊट (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर), बेअरिंग सगळं नवीन टाकलं. रेडिएटर बदलून अ‍ॅल्युमिनियमचा नवीन बसवला, तोही वर्षाच्या आत झिरपायला लागला. मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकला. एवढं करूनही रात्री साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढायला लागलं की मीटरमधला बॅटरीचा दिवा मंद पेटतो आणि टेंपरेचरचा काटा लालच्या जवळ जातो. दिवसा तोच घाट, तेवढाच माल, तरी काटा एवढा चढत नाही. आठवड्याला अर्धा लिटर कुलंट घालावं लागतं. आता एक जण म्हणतोय नवीन डायनामो घाला आणि दुसरा म्हणतोय हेड उघडा.

भाऊ, दोन्ही कामं आधी थांबवा. हेड उघडलं की गॅसकेट, फेसिंग, बोल्ट, मजुरी असं बिल वाढत जातं आणि सीझनचे दिवस जातात ते वेगळेच. तुम्ही जे लिहिलंय त्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी दोनदा मागे गेलो, ती म्हणजे काटा रात्री जास्त चढतो. रात्री हवा थंड असते, रेडिएटरला उलट सोपं जायला पाहिजे. इंजिन खरंच गरम होत असतं तर एप्रिलच्या दुपारी दोन वाजता आधी झालं असतं. दिवसा आणि रात्रीत तुमच्या गाडीत फरक काय, तर हेडलाईट. म्हणजे गाडी गरम होते हा जो त्रास तुम्हाला वाटतोय त्यातला निदान काही भाग वायरिंगचा आहे असं माझं मत आहे, आणि दोन बॅटऱ्या, डायनामो आणि रेडिएटर या सगळ्यांचं मूळ एकच असू शकतं. पण मत म्हणजे निदान नव्हे, त्यामुळे खाली मोजायचं कसं ते सांगतो. डिजिटल मल्टिमीटर, जंपर केबल, टॉर्च आणि १५० अंशापर्यंत दाखवणारा कसलाही थर्मामीटर किंवा टेंपरेचर गन, एवढ्यावर होतं.

सगळ्यात आधी बेल्ट, कारण चार्जिंग आणि कूलिंग या दोघांना जोडणारी ती पहिली वस्तू आहे. बऱ्याच डिझेल पिकअपना एकच फॅन बेल्ट वॉटर बॉडी (कुलंट फिरवणारा पंप) आणि डायनामो दोन्ही फिरवतो. व्ही बेल्ट असेल तर दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबून बघा, साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. पण नुसतं ताण बघून सोडू नका, बेल्टच्या बाजू बघा. व्ही बेल्टची पकड बाजूंवर असते, तळावर नसते, त्यामुळे बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील किंवा बेल्ट झिजून पुलीच्या खाचेत खाली बसला असेल तर कितीही ताणला तरी तो लोड आल्यावर घसरणारच, आणि जास्त ताणला की वॉटर बॉडीचं आणि डायनामोचं बेअरिंग खाणार. डायनामोची पुली लहान असते, बेल्ट तिला कमी वेढतो, म्हणून घसरणं आधी तिथे सुरू होतं आणि वॉटर बॉडी तोवर व्यवस्थित फिरत असते. म्हणजे बेल्ट ढिला आहे म्हणून दोन्ही तक्रारी एकदम येतातच असं नाही, बहुतेक वेळा आधी बॅटरी बोंबलते. पट्ट्यापट्ट्यांचा चपटा बेल्ट असेल तर त्याला आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो, तिथे टेन्शनरची स्प्रिंग आणि त्याच्या पुलीचा आवाज तपासा.

एक धोका इथेच सांगतो कारण घाटातल्या माणसाला तो माहीत असलाच पाहिजे. जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्युम पंप डायनामोच्या मागे, त्याच शाफ्टवर असतो. बेल्ट तुटला की चार्जिंग जातं, कुलंट फिरायचं थांबतं आणि दोनतीनदा ब्रेक दाबले की पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण पायाची सगळी ताकद लावावी लागते. त्यामुळे बॅटरीचा दिवा एकदम पूर्ण पेटला आणि त्याच वेळी काटा चढायला लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचार करायचा नाही. लगेच खालचा गिअर, बाजूला घेणं, इंजिन बंद. त्या पंपाचं तेलाचं सील गळत असेल तर तेल डायनामोच्या आत जातं आणि नवीन कार्बन थोड्या महिन्यांत खराब होतात. तुमचा डायनामो खोलला तेव्हा आतून तेलकट होता का हे त्या वायरमनला विचारा.

आता मीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार किंवा काही उघडायच्या आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली असेल तर जवळपास रिकामी. मग गाडी सुरू करा, आयडलला पाच मिनिटं चालू द्या, १३.८ ते १४.६ च्या दरम्यान आलं पाहिजे. एवढं बघून नव्वद टक्के लोक चार्जिंग ओके आहे म्हणून मीटर गुंडाळून ठेवतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण लोड नसताना खराब जोडसुद्धा चांगला आकडा दाखवतो. हाय बीम, ब्लोअर फुल, असतील तर फॉग लाईट, सगळं लावा, इंजिन १५०० ते २००० आरपीएमला धरा आणि परत वाचा. १३.५ च्या वर टिकलं तर चार्जिंग बरं आहे. तुमच्या गाडीत मला वाटतं इथे आकडा खाली येणार.

खाली आला की डायनामो काढायचा नाही. तो लोड तसाच चालू ठेवून आणखी दोन आकडे घ्यायचे. पहिला, लाल प्रोब डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या स्टडवर आणि काळा प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती वायर, तिचा लग (टोकाची धातूची कडी) किंवा मधला मोठा फ्यूज खराब. दुसरा, एक प्रोब डायनामोच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी, आणि दुसरा बॅटरीच्या मायनस खुंटीवर. इथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. हे आकडे छोटे वाटतात पण हिशोब करून बघा. ४० अँपिअर करंट जातोय आणि जोडात फक्त ०.०२ ओहम अडथळा आहे, तर ०.८ व्होल्ट तिथेच गेले. डायनामो १४.२ बनवतोय आणि बॅटरीला १३.४ पोचतंय. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, अर्धवट भरलेली राहून प्लेटांवर सल्फेट धरतं आणि वर्षभरात दुकानदार म्हणतो बॅटरी बेकार निघाली. बॅटरी बेकार नव्हती, उपाशी होती.

आता त्या मंद पेटणाऱ्या दिव्याकडे या, कारण तो दिवा बरंच काही सांगतो. तुमच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत या बल्बच्या एका बाजूला चावीतून येणारी बॅटरीची लाईन असते आणि दुसऱ्या बाजूला डायनामोची छोटी लाईन. दोन्ही बाजूंना सारखे व्होल्ट असले की बल्बमधून करंट जात नाही आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा विझणं याचा अर्थ फक्त दोन्ही बाजू सारख्या. तो मंद पेटतोय म्हणजे दोन्ही बाजूंत फरक पडलाय, आणि लोड वाढला की जास्त पेटतोय म्हणजे तो फरक करंटबरोबर वाढतोय, आणि असं वागणारी गोष्ट बहुतेक वेळा जोडातला अडथळा असते. डायनामोपासून बॅटरीपर्यंतची वायर, फ्यूजचे नट, किंवा चावीच्या स्विचमधले झिजलेले पॉइंट. डायनामोतला एखादा डायोड गेला तरी दिवा मंद पेटतो, पण तो सहसा दिवसाही पेटलेला दिसतो. डायोडचा संशय घालवायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनला बॅटरीवर वाचा, ०.५ च्या वर एसी दिसलं तर डायोड प्लेट बघायला लागेल. आणि रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो सकाळी हाताला कोमट लागला तर डायोड लीक आहे हे जवळजवळ नक्की, कारण बॅटरी उलटी त्याच्यातून उतरत असते. चावी ऑन केल्यावर, इंजिन बंद असताना, हा दिवा पेटतो ना तेही बघा. बल्बच गेला असेल तर बऱ्याच डायनामोंना सुरुवातीचं करंट मिळत नाही आणि चार्जिंगच सुरू होत नाही, आणि लोक डायनामो खोलून बसतात.

एक गोष्ट कोणी करायला सांगितली तरी करू देऊ नका, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून गाडी चालू राहते का बघणं. डायनामो भरात असताना बॅटरी काढली की व्होल्टेज एका क्षणात कितीतरी वर उडतं, त्यात डायोड जातात, कटआऊट जातो आणि इलेक्ट्रॉनिक डिझेल असेल तर इसीएमपण (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. ही पद्धत खूप जुन्या गाड्यांतली आहे, ती आता बंद झालीच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, अर्थिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे चेसीपासून ते विजेच्या दृष्टीने वेगळे. त्यांना जोडते ती एक विणलेली तांब्याची पट्टी किंवा जाड काळी वायर. बॅटरीचा मायनस काही गाड्यांत आधी चेसीला जातो आणि तिथून पट्टी इंजिनला, काहींत उलट. डायनामोने प्लसमधून सोडलेला सगळा करंट, हेडलाईटचा, ब्लोअरचा, बॅटरीत भरला जाणारा, तो परत डायनामोच्या बॉडीत यायलाच पाहिजे, आणि यायचा रस्ता म्हणजे ही पट्टी. कोकणात खारी दमट हवा, चार महिने पाऊस, त्यात गाडी खालून धुताना पाणी, त्यामुळे ही पट्टी बाहेरून दिसायला बरी आणि लगच्या आत हिरवी पावडर झालेली असं मी भरपूर वेळा बघितलंय. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती लावायचीच राहून जाते असंही होतं, नट सैल बसवलेला असतो, किंवा रंगावरच आवळलेला असतो.

पट्टी खराब असली की करंट थांबत नाही, तो दुसरा रस्ता शोधतो. अ‍ॅक्सिलेटरची केबल, गिअरची केबल, आणि कुलंट. हो, कुलंटसुद्धा. इंजिनच्या ब्लॉकमधून कुलंटमधून रेडिएटरमधून बॉडीला. त्या करंटने अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं, बारीक बारीक भोकं पडतात, आणि नवीन रेडिएटर वर्षात झिरपतो. म्हणूनच तुमचा रेडिएटर गेला हे वाचल्यावर मला पट्टीचा संशय पक्का व्हायला लागला. आणि काट्याचं पण ऐका. तुमच्या गाडीत टेंपरेचर मीटरला इंजिनवरून एकाच वायरचा सेंडर (टेंपरेचर कळवणारा सेन्सर) असेल तर तो स्वतःचा अर्थ इंजिनच्या ब्लॉकमधून घेतो. पट्टी खराब असताना डायनामो भरात चालला की ब्लॉक हा बॉडीपेक्षा अर्धा पाऊण व्होल्ट खाली जातो, सेंडरमधून जास्त करंट जातो आणि मीटरला वाटतं इंजिन तापलं. हेडलाईट लावली, डायनामोवर लोड आला, काटा वर. घाटात इंजिन थोडं गरम होतंच, त्यावर ही खोटी वाढ बसली की काटा लालला. दोन वायरचा, इसीएमला जाणारा सेन्सर असेल तर हे होत नाही, म्हणून आधी सेंडरला वायर किती आहेत ते बघा.

हे तपासायला एक पैसा लागत नाही. गाडी नेहमीसारखी गरम होऊ द्या, उभी ठेवून आयडलच्या वर धरा आणि दुसऱ्याला हेडलाईट चालूबंद करायला सांगा. काटा लाईटबरोबर हलला तर ते टेंपरेचर नाही, वीज आहे. इंजिनभर पसरलेलं लोखंड आणि पाणी एका सेकंदात गरम होत नसतं. मग जंपर केबलची काळी वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या साफ बोल्टला किंवा डायनामोच्या ब्रॅकेटला लावा, फॅन आणि बेल्टपासून वायर लांब बांधा, आणि परत सगळा लोड लावा. काटा खाली आला, बॅटरीवरचे व्होल्ट वाढले, तर तुमचं निदान झालं. सेल्फ मारतानाही बघा, ब्लॉक आणि बॅटरी मायनसच्या मधे ०.५ पेक्षा जास्त दिसत असेल तर तेच. सेल्फ जड मारत असेल आणि अ‍ॅक्सिलेटरची केबल हाताला गरम लागत असेल तर मीटरची पण गरज नाही.

कुलंटमधला करंट मोजायची पद्धत वेगळी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, लाल प्रोब कुलंटमधे बुडवा, रेडिएटरच्या धातूला लागू देऊ नका, काळा बॅटरीच्या मायनसला. आधी सगळं बंद, मग चावी ऑन, मग सेल्फ, मग आयडलला एकेक लोड चालू करत. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान. ०.३ च्या वर गेलं तर अ‍ॅल्युमिनियमला ते घातक. आता यातली बारकाई, आकडा लोड चालूबंद करताना बदलत असेल तर अर्थिंगचा दोष. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी, काळा प्रोब इंजिनला लावून, तेवढाच आकडा येत असेल तर कुलंटच खराब झालंय, त्यातलं गंजरोधक संपलंय आणि ते स्वतःच बॅटरीसारखं वागतंय, ते पूर्ण काढून सिस्टम धुवून नवीन भरायचं.

पट्टी बदलताना नुसतं पॉलिश पेपर मारून परत बसवू नका, एक पावसाळा जाईल आणि परत तेच. नवीन तांब्याची, सेल्फच्या केबलच्या जाडीची पट्टी, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, खालची जागा चकाकेपर्यंत घासलेली, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. मी तर कोकणातल्या गाड्यांना बॅटरी मायनसपासून थेट इंजिनला एक जादा केबल टाकतोच. बॅटरी मायनस ते चेसी आणि चेसी ते केबिन या जोडांनाही हेच करा.

पण आठवड्याला अर्धा लिटर कुलंट जातंय ते वायरिंगने जात नाही, रेडिएटर झिरपतोय हे दिसतंय, तरी तेवढ्यातच आहे असं धरू नका. थंड इंजिनला प्रेशर टेस्टर लावायला सांगा, झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढं, बहुतेक ठिकाणी ०.९ बारच्या आसपास, आणि १५ मिनिटं काटा बघा. वॉटर बॉडीच्या खालचं बारीक भोक, होज पाइपांची टोकं, हीटरचे पाइप, पायाखालची चटई ओली आहे का. झाकणाला लोक गंभीरपणे घेत नाहीत पण ते स्वतः एक पार्ट आहे. दाबाखाली कुलंट १०० अंशाला उकळत नाही, ०.९ बारला साधं पाणीसुद्धा ११८ अंशाच्या आसपास उकळतं आणि निम्मं कुलंट असेल तर आणखी वर. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की तो सगळा फायदा गेला, घाटात कुलंट उकळून बाटलीतून बाहेर पडतं आणि इंजिनमधे काहीच दोष नसतो.

थर्मोस्टॅट परत बसवा. मिस्त्रीने तो काढला कारण तसं सगळे करतात, पण तुमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट बायपासवाला असेल, म्हणजे त्याच्या खाली दुसरी छोटी चकती असेल, तर तो उघडताना ती चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ते भोक कायम उघडं राहतं आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरत राहतो. म्हणजे सपाटीला इंजिन गारठलेलं, डिझेल जास्त, आणि नेमकं घाटात, जिथे सगळं पाणी रेडिएटरमधून जायला पाहिजे तिथे ते जात नाही. नवीन बसवण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात दोऱ्याला टांगून बघा, बऱ्याच डिझेलला ८२ अंशाच्या जवळ उघडायला सुरुवात होते आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो, नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो.

गाडी खरी गरम होतेय का आणि कुठे, यावरून कारण बरंच कळतं. ट्रॅफिकमधे किंवा आयडलला गरम आणि पळायला लागली की थंड, तर हवेचा प्रश्न, फॅन. सपाट हायवेला वेगात पळताना गरम, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून भरलाय. घाटात लोडला कमी वेगात गरम, तर दोन्ही शक्यता, आणि आधी फॅन बघायचा कारण तिथे वाऱ्याचा आधार नसतो. बेल्टवर फिरणारा व्हिस्कस फॅन असेल तर थंड इंजिन बंद असताना हाताने फिरवा, थोडा चिकट लागला पाहिजे. मग चांगली गरम झाल्यावर बंद करून, चावी काढून, कापड धरून परत फिरवा, आता तो स्पष्ट जड लागला पाहिजे. गरम असताना मोकळा गरगर फिरला तर आतलं सिलिकॉनचं तेल गेलंय, कपलिंगच्या मधे तेलकट धूळ चिकटलेली दिसेल. आणि रेडिएटर बदलताना फॅनच्या भोवतीचं प्लॅस्टिकचं कवच परत लावलं का बघा. ते नसलं तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी तीच गरम हवा बाजूने फिरवत बसतो. समोरच्या जाळीवर लावलेले बोर्ड, जाड हार, जादा हॉर्न, ते सगळं सीझनपुरतं तरी काढा. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे टॉर्च मारून बघा, बाहेरून साफ दिसतं आणि मधे पाचोळा, किडे, चिखल यांची गादी असते. इंजिनकडून बाहेरच्या दिशेने साध्या पाण्याने धुवा, जोरात प्रेशर मारला तर पाती वाकतात.

वेगात गरम होत असेल तर खालचा होज पाइप बघा. तो वॉटर बॉडीच्या ओढीवर असतो, आतून नरम झाला की जास्त आरपीएमला चपटा होतो आणि पाणी थांबतं. एकाने रेस द्यायची, एकाने बघायचं. रेडिएटर आतून भरलाय का हे टेंपरेचर गनने कळतं, वरून खाली आडव्या रेषेत मारत जा, मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथून पाणी जात नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालत असाल तर बंद करा, त्यातला क्षार आत जमतो. डिमिनरल पाणी आणि कुलंट निम्मं निम्मं, किंवा तयार मिक्स. हिरवं, लाल, निळं या रंगावरून काही कळत नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका. भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून हवा काढा, नाहीतर आत हवेचा गोळा राहतो आणि काटा पहिल्याच घाटात चढतो.

हेड गॅसकेटचा संशय खरा ठरवायला हेड उघडायला लागत नाही. सकाळी थंड इंजिनला झाकण उघडून सुरू करा, पातळी नीट भरून. सतत बारीक बुडबुडे येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर कम्प्रेशन कुलंटमधे शिरतंय. सुरू केल्यावर एक मिनिटात, पाणी अजून थंड असताना, वरचा होज दगडासारखा टणक झाला तर तेच. निळ्या द्रवाची टेस्ट मिळते, झाकणाच्या जागी नळी लावून वाफ त्यातून जाऊ देतात, एक्झॉस्टचा गॅस असेल तर रंग बदलतो, थोड्या पैशात होते. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती दमटपणाने पण येते, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ असेल तर मात्र थांबा. आणि कुलंट बाहेर कुठेच गळत नाही, बुडबुडे नाहीत, तरी कमी होतंय आणि पांढरा धूर येतोय, तर इजीआर कूलर (एक्झॉस्टचा गॅस कुलंटने थंड करणारा भाग) आतून गळत असू शकतो, हेडच्या आधी तो काढून दाबाखाली तपासून घ्या.

रस्त्यात काटा लालला गेला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, बाजूला घ्या. बेल्ट चालू आहे आणि कुलंट आहे याची खात्री असेल तर मिनिटभर आयडलच्या थोडं वर ठेवून मग बंद करा. बेल्ट तुटलाय किंवा वाफ बाहेर पडतेय तर लगेच बंद. अर्धा तास तरी झाकणाला हात नाही. गरम इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, त्याने हेड वाकतं किंवा तडकतं, आणि मग गॅसकेटवाला मिस्त्री खरंच लागतो.

तुम्ही आता पट्टी, बेल्ट, थर्मोस्टॅट आणि झाकण एवढंच करा, रेडिएटरचं पट्टीनंतर. आधी नवीन रेडिएटर टाकला तर तोही तसाच खाल्ला जाईल. पट्टी बदलल्यावर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्या, कारण महिनोनमहिने अर्धी राहिलेली बॅटरी डायनामोवर भरत नाही आणि नवीन पट्टीचा दोष वाटायला लागतो. मग रात्री एकदा रिकाम्या गाडीने घाट चढा, टेंपरेचर गन बरोबर ठेवा, साखरप्याला आणि वर आंबा गावात थांबून थर्मोस्टॅटच्या घरावर मारा, शेजारी काट्याची जागा लिहा. मग तेच माल भरून. लोड लावून बॅटरीवरचे व्होल्ट, प्लसच्या वायरीतली घट, अर्थिंगमधली घट, कुलंटमधले व्होल्ट, आणि घाटातली ही दोन टेंपरेचरं, एवढे आकडे कागदावर असले की कुठलाही मिस्त्री तुम्हाला हेड उघडायला सांगताना आधी त्या कागदाकडे बघेल.